चार हलकी चाकं

१० फेब्रुवारी

दुपारी लॅबमध्ये असताना शेजारच्यांचा फोन आला, की तुमच्या दारात चार मोठी खोकी आली आहेत, आत घेऊन ठेवू का. मला वाटलं पत्ता चुकला असेल. घरी येऊन पाहिलं तर खोक्यांवर हिचं नाव.

कार्बनची चाकं. हिने गेल्या उन्हाळ्यात आपल्या स्पोर्ट्स गाडीसाठी मागवली होती. बनवून द्यायला आठ-नऊ महिने लागतात, असं तेव्हा म्हणाली होती. मी "बरं" म्हटलं असणार. मी बहुतेक "बरं"च म्हणत असे. चाकं वेळेवर आली. हिला जाऊन चार महिने होत आले.

एक खोकं उचललं आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो. जड असणार म्हणून जोर लावला होता. आत चाक आहे की नुसती हवा, असं वाटावं इतकं ते हलकं.

खोकी गॅरेजमध्ये गाडीच्या बाजूला रचली. गाडीवर चादर घातलेली आहे, ती तशीच ठेवली. लेकीला फोन करून सांगितलं. तिने आधी खोकी किती ते विचारलं. मग म्हणाली, "उघडू नकोस हं बाबा. मी शनिवारी येते."

१४ फेब्रुवारी

लेक आली, जेवायला न थांबता थेट गॅरेजमध्ये गेली. खोकं तिनेच उघडलं. काळं चाक. जवळून पाहिलं तर कापडासारखी वीण दिसते, वर काचेसारखा लेप. तिने ते एका हाताने उचलून मांडीवर घेतलं आणि तान्ह्या बाळासारखं धरून बसली.

मग म्हणाली, "मे महिन्यातली डोंगराची शर्यत मी चालवणार आहे. आईच्या गाडीतून. ह्या चाकांवर."

या शर्यतीत एका वेळी एकच गाडी सोडतात. डोंगरावरचा वळणांचा रस्ता बंद ठेवतात आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोण लवकर पोचतं ते पाहतात. ही दरवर्षी जायची. मला लॅबच्या कामामुळे जमत नसे. लेक दोन वर्षं हिच्याकडूनच शिकली, तिच्याकडे शर्यतीचा परवाना आहे. पण गाडी आता माझ्या नावावर आहे आणि मालकाची संमती लागते.

मी म्हटलं, "गाडीवर आहेत ती ॲल्युमिनियमची काय वाईट आहेत?"

"वाईट नाहीत. जड आहेत."

"आतापर्यंत चाललं ना त्यांच्यावर?"

"आईला चालत नव्हतं म्हणून तर तिने ही मागवली."

मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तुझं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, फक्त उशिरा पोचणारं."

१९ फेब्रुवारी

चार दिवस वाचतो आहे. विषय मला अगदीच परका नाही. मी तीस वर्षं दंतवैद्यांसाठी दातांच्या कॅप बनवतो, धातूच्याही आणि सिरॅमिकच्याही. धातूची कॅप दिसायला बरी नसते, पण ती झिजते, दबते, कडेला चीर जाते. माणसाला आधी खुपतं, मग तो डॉक्टरकडे जातो. सिरॅमिकची कॅप वर्षानुवर्षं नव्यासारखी असते, आणि एक दिवस एखादा दाणा चावताना तिचे दोन तुकडे होतात. आदल्या दिवशी तपासली असती तरी काही सापडलं नसतं.

चाकांचंही तसंच दिसतं. ॲल्युमिनियमला दणका बसला की ते वाकतं. कार्बन दणका पचवतं, वरून ओरखडासुद्धा दिसत नाही, पण आत थर सुटलेले असू शकतात. ब्रेकच्या उष्णतेचाही त्याला त्रास होतो म्हणतात. बाजूने बोलायचं तर ते हलकं, ताठ, आणि नीट बनवलेलं असेल तर ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत. हे सगळं मान्य. पण ते सांगत नाही.

माझं मत झालं आहे. ॲल्युमिनियम.

२३ फेब्रुवारी

हिची गाडी सांभाळणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. मला वाटलं होतं जुना माणूस आहे, माझ्या बाजूने बोलेल.

"या, दातवाले!" ते गाडीखालूनच म्हणाले. माझे बूट ओळखतात. "वहिनींची चाकं आली म्हणे."

मी म्हटलं, आली, पण लावायची की नाही ते विचारायला आलोय.

ते बाहेर आले, हात पुसले. "बूट काढून पळालात कधी? तसा फरक पडतो. गाडीचं इतर वजन कमी केलं तर गाडी हलकी होते. चाकाचं कमी केलं तर शहाणी होते. लवकर वळते, लवकर थांबते. पोरीच्या हातात शहाणी गाडी बरी."

मी माझा मुद्दा सांगितला. ॲल्युमिनियम वाकतं, वाकलं की स्टिअरिंग थरथरतं, हवा उतरते, माणूस थांबतो. हे काही सांगतच नाही. आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत. तपासणी करा, रिपोर्ट चांगला. आणि मग बोलता बोलता एका क्षणात सगळं संपतं.

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "आपण चाकाबद्दलच बोलतोय ना?"

"मग कशाबद्दल?"

"नाही, आपलं विचारलं," ते म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

त्यांना काय म्हणायचं होतं कळलं नाही. मी चाकाबद्दलच बोलत होतो.

१ मार्च

हिची थोरली बहीण आली होती. हिचे कपडे आवरायला म्हणून आली, पण एकाही कपाटाला हात लावला नाही. स्वयंपाकघरात बसून राहिली. मग तिला गॅरेजमधली खोकी दिसली.

"एक गेली ते कमी झालं, म्हणून आता पोरीलाही त्या खेळण्यात बसवणार?"

मी म्हटलं, ही गाडीत गेली नाही. ऑफिसात गेली, खुर्चीत बसून, सहकाऱ्याला नकाशातली चूक दाखवताना. आधीच्याच महिन्यात सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं उत्तम होतं.

"मला माहीत आहे कुठे गेली ते," ती म्हणाली. "मी म्हणते, तुम्ही बाप आहात. नाही म्हणायला काय लागतं? जीभच तर उचलायची."

ती गेल्यावर विचार केला. नाही म्हणणं खरंच सोपं आहे. सही केली नाही की विषय संपला. पण मग लेक शनिवारी येणार नाही. हल्ली ती दर शनिवारी येते, चाकांवरून भांडते, माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढते आणि जाते. मला ती शर्यतीत हवी आहे की नको, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नाही. मी चाकांचाच विचार करतो, कारण त्याला उत्तर आहे.

१५ मार्च

दोन आठवडे तोच वाद. काल लेक वजनकाटा घेऊन आली. गाडीचं एक चाक काढून तोलून दाखवलं, मग कार्बनचं. फरक मला आकड्याने माहीत होता. तिने दोन्ही चाकं आळीपाळीने माझ्या हातात दिली. "आता बोल."

"वजनाबद्दल माझं म्हणणंच नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

"भरवशाबद्दल."

"कोणाच्या?"

मी म्हटलं, चाकाच्या. ती म्हणाली, "बरं." अगदी माझ्यासारखं म्हणाली. मला ते आवडलं नाही.

२२ मार्च

आज माझ्या हातून एक खोकं पडलं. गॅरेजमध्ये झाडायचं म्हणून बाजूला घेत होतो, पायरीवरून सटकलं आणि कोपऱ्यावर आपटलं. उघडून पाहिलं, चाकावर काही खूण नाही. पण हेच तर माझं म्हणणं आहे, खूण नसतेच.

कॅप भट्टीतून निघाली की मी ती हलकेच वाजवून पाहतो. चांगलीचा आवाज स्वच्छ येतो, तडा असेल तर बद्द. तसंच नाण्याने सगळं चाक वाजवत गेलो. एका जागी आवाज बद्द आला. पुन्हा वाजवलं. तिथेच बद्द.

लगेच लेकीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मुद्दाम पाडलंस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग तुझा आवाज इतका आनंदी का येतोय?"

मी फोन ठेवला. मुद्दाम पाडलं नव्हतं. पण फोनकडे मात्र मी धावत गेलो होतो. हायसं वाटलं होतं. ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही.

४ एप्रिल

मेस्त्रींनी एक पत्ता दिला होता. शहराबाहेर ग्लायडर विमानांचे कार्बनचे पंख दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिच्याकडे आतले थर तपासायचं यंत्र आहे. लेकीने आपली रोजची गाडी चालवली. मी मागच्या सीटवर चाक धरून बसलो.

बाईने चाकावर जेलीसारखं काहीतरी लावलं आणि एक छोटा ठोकळा सावकाश फिरवत नेला. पडद्यावर रेघा उठत होत्या. मी बद्द आवाजाची जागा बोटाने दाखवली, दाताची कॅप वाजवतो तसं वाजवून पाहिलं म्हटलं. तिने तिथे तीनदा पाहिलं.

"इथे हवा भरायच्या नळीसाठी थर वाढवलेत," ती म्हणाली. "जाडी जास्त, म्हणून आवाज जड. इतर तिन्ही चाकं वाजवून पाहिलीत?"

मी पाहिली नव्हती. एकाच चाकात दोष सापडल्यावर थांबलो होतो.

"दात असता तर तुमचं बरोबर होतं," ती हसून म्हणाली. "चाक ठीक आहे. घेऊन जा."

परत येताना माझ्याकडे एकही मुद्दा उरला नव्हता. ब्रेकच्या उष्णतेचा विषय काढून पाहिला. लेक म्हणाली, दोन फेऱ्यांच्या मध्ये गार व्हायला भरपूर वेळ असतो. मग रस्त्याच्या कडेच्या दगडांचा विषय काढला. ती म्हणाली, दगड ॲल्युमिनियमलाही लागतात. मग मी बोललो ते कसं बोललो माहीत नाही.

"मला भीती वाटते."

तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "कसली?"

"तू जाशील त्याची. चाक कुठलंही लावलंस तरी वाटणार. कार्बनची जरा जास्त वाटते, ती का ते मला सांगता येत नाही."

दोन ट्रक शेजारून गेले, गाडी हलली. मग म्हणाली, "हे फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर?"

"तर काय?"

"तर खोकी त्याच दिवशी बांधून ठेवली असती. मी काय वेडी आहे का? मला वाटलं, मला जमणार नाही असं तुला वाटतंय. गाडी चालवता येत नाही असं."

"तसं कधी म्हटलं मी?"

"तू काही म्हणतोस का कधी?" तिने डोळे पुसले, गाडी सुरू केली. "ॲल्युमिनियम राहू दे. विषय संपला."

मी दोन महिने जे मागत होतो ते मिळालं.

१९ एप्रिल

जुन्या विमानतळाची ओसाड धावपट्टी सरावासाठी उघडी असते. लेकीबरोबर गेलो. तिला शर्यतीसारखी गाडी चालवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रबरी शंकू मांडून वळणं केली होती. ती एकाही शंकूला लागली नाही. वळणाआधी जिथे मी केव्हाच ब्रेक सोडला असता तिथे ती सोडत नाही, आणि जिथे मी घाबरून दाबला असता तिथे सोडते. घाई कुठेच नाही.

मेस्त्रीही आले होते. "मागचं टोक जड वळतंय," ते म्हणाले. लेकीला ऐकू गेलं असणार. दिवसभर तिने एकदाही कुरकुर केली नाही. प्रत्येक फेरीनंतर येऊन विचारायची, "ठीक दिसत होतं ना?" मी ठीक म्हणायचो.

इतकी शहाण्यासारखी वागली, तेच मला बरं वाटलं नाही. एवढी समजूतदार ती लहानपणी फक्त ताप आला की व्हायची.

२७ एप्रिल

आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात आहे. भीती माझी आहे. चाकं तिला फिरवायची आहेत. माझ्या भीतीचं वजन तिच्या गाडीच्या चारी चाकांना बांधून तिला डोंगरावर पाठवायचं, हे बरोबर नाही. तिने न कुरकुरता नेलं म्हणून ते बरोबर होत नाही.

संमतीच्या कागदावर सही केली. पोस्टात टाकूनही आलो, म्हणजे परत विचार करायला नको.

कार्बनची चारी चाकं खोक्यांतून काढून, टॅक्सीत घालून मेस्त्रींकडे टायर चढवायला दिली. लेकीला सांगू नका म्हटलं.

"का हो? वाढदिवस आहे?"

"नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल."

"भले!" मेस्त्री म्हणाले. "म्हणजे आता ती नको म्हणणार आणि तुम्ही लावणार. दातवाले, तुमच्या घरात एकदा तरी दोघं एकाच वेळी हो म्हणा."

१४ मे

शर्यत रविवारी. लेक कालपासून रजा घेऊन इथेच आहे. सकाळी ती झोपलेली असताना गॅरेजमध्ये गेलो, गाडी जॅकवर घेतली आणि ॲल्युमिनियमची चाकं काढून, मेस्त्रींकडून आणून लपवून ठेवलेली कार्बनची लावली. मेस्त्रींनी सांगितलेल्या क्रमाने बोल्ट पिळले, नेमका जोर झाला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याचा 'टक्' आवाज येईपर्यंत. प्रत्येक बोल्ट दोनदा पाहिला. माझ्यासारख्या माणसाला दोन महिने वाचून एवढं तर यायलाच हवं.

ती कप हातात घेऊन दारात आली आणि थांबली.

"हे काय?"

"तुझ्या आईने मागवली होती. तुझ्यासाठी नव्हती, पण आता आहेत."

"आणि तुझं ते?"

"ते माझं माझ्याकडे राहील. गाडीत नको."

तिने कप खिडकीत ठेवला, गाडीभोवती एक चक्कर मारली, प्रत्येक चाकावरून हात फिरवला. मग पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, बोल्ट कुठले लावलेस?"

"हेच. होते तेच."

तिने पाना घेऊन एक बोल्ट काढला आणि माझ्यासमोर धरला. कार्बनच्या चाकाचा मधला भाग जाड असतो, त्याला लांब बोल्ट लागतात. ते खोक्यातच होते, तळाच्या फोमखाली, पिशवीत. मी फोम उचलून पाहिलाच नव्हता. जुने बोल्ट जेमतेम दोन-तीन आट्यांवर बसले होते.

"पण पाना टक् म्हणाला," मी म्हटलं.

"म्हणणारच. किती जोराने पिळलंय ते त्याला कळतं. आत किती आटे धरलेत ते त्याला कुठे कळतं?"

रिकाम्या खोक्यावरच बसलो, ते दबलं. कार्बन तुटेल, दगड लागेल, ब्रेक तापतील, सगळ्याचा विचार केला होता. तिला पायथ्याच्या पहिल्याच वळणावर चाक सोडून गेलं असतं, आणि ते चाक मी लावलेलं असतं.

"तुला कसं सुचलं बघायचं?" मी विचारलं.

"कोणीही लावलेलं असो, बसायच्या आधी मी बघतेच. मेस्त्रींनी लावलं तरी बघते. आईने लावलं तरी बघायचे. ती चिडायची." ती फोम उपसत होती. "तू असाच बस आणि एकेक बोल्ट दे. उठू नकोस, पडशील."

मी एकेक देत गेलो. ती पिळत गेली. प्रत्येक बोल्ट आधी हाताने आत घालून आटे मोजत होती, मग पाना. निम्म्यात असताना तिला हसू आलं.

"मावशीला सांगू नकोस हं. ती म्हणेल, 'चाकं चांगली होती, बापच खोटा निघाला.'"

मीही हसलो. खूप दिवसांनी हसल्यामुळे खोकला आला.

दुपारी मेस्त्रींकडे नेऊन पुन्हा तपासून घेतलं. हट्ट माझा नव्हता, तिचाच होता.

१७ मे

शर्यत झाली. दमलो आहे, पण आजच लिहितो.

पायथ्याशी तंबू, गाड्या, पेट्रोलचा वास. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, तुम्ही चालकाचे कोण. वडील म्हटलं. तो म्हणाला, "गाडी ओळखतो मी. बाईंच्या बरोबर कधी दिसला नाहीत." त्याने गळ्यात घालायला पट्टी दिली.

पहिल्या फेरीला मी सुरुवातीच्या रेघेजवळ उभा होतो. लेकीने हेल्मेट घातलं, माझ्याकडे पाहिलं, अंगठा दाखवला. दिवा बदलला आणि गाडी सुटली. पहिल्या वळणामागे दिसेनाशी झाली. मग फक्त आवाज, तो डोंगरात इकडून तिकडे फिरत होता आणि बारीक होत होता. मग तोही थांबला. लाऊडस्पीकर बराच वेळ खरखरत राहिला. मेस्त्री माझा दंड धरून उभे होते, मला वाटलं आधारासाठी, पण कोणाच्या ते कळेना. शेवटी तिचा नंबर आणि वेळ सांगितली. तिच्या गटात चौथी.

मी विचारलं, आता ती कुठे आहे?

"वरच," मेस्त्री म्हणाले. "सगळ्या गाड्या वर पोचेपर्यंत थांबतात, मग एकत्र खाली सोडतात. तोवर बसायचं गार होत. कोणाची माणसं असतात, कोणाची नसतात."

"वर जाता येतं?"

"पायवाट आहे ना. पण दम लागतो. आणि तिथून काही दिसत नाही फारसं, एवढं शेवटचं वळण."

ती खाली आली, पाणी प्यायली, कुठे चुकलं ते मेस्त्रींना हातवारे करून सांगत होती. मी तेवढ्यात निघालो. पायवाट चढाची होती, दोनदा बसावं लागलं. वरती कठडा आहे, एक झाड आहे, गाड्या लावायची मोकळी जागा आहे. चार-पाच माणसं उभी होती. कोणाच्या तरी बायकोने मला पाण्याची बाटली दिली.

तिची दुसरी फेरी सुरू झाल्याचं लाऊडस्पीकरवर कळलं. आवाज आधी खालून आला, मग बाजूने, मग एकदम जवळ. शेवटच्या वळणावरून गाडी आली, रेघ ओलांडली आणि पुढे जाऊन थांबली. चारी चाकं जागेवर होती.

लेक उतरली, हेल्मेट काढलं, आणि गाडीला टेकून रस्त्याकडे बघत उभी राहिली. कोणाला शोधत नव्हती. इथे कोणी असतं याची सवय नसलेल्या माणसासारखी उभी होती. मी हाक मारली तेव्हा आधी दुसरीकडेच वळली.

"तू वर कसा आलास?"

"चालत."

वेळ काय लागली ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. नंतर कळलं, चौथीच.

वर उभं राहायला जागा भरपूर आहे. ही एकटी यायची त्या वर्षांतही असणारच.